शेजपाळी

शिरूर तालुक्यात 'पाळी' हा शब्द कानावर पडला, तर तो कोणत्या अर्थाने उच्चारला गेला हे समजण्यासाठी बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. हातात फावडे असेल तर ती पाटाच्या पाण्याची पाळी, आणि हातात जेवणाचा डबा असेल तर ती कारखान्याची. घोड आणि चासकमान यांच्या कालव्यांवर, त्याचप्रमाणे शेजारच्या दौंड तालुक्यात खडकवासल्याहून येणाऱ्या मुठेच्या उजव्या कालव्यावर, शेतकऱ्यांनी पाण्याचे अर्ज भरावेत, पाटबंधारे खात्याने त्यांवरून पाळीपत्रक तयार करावे, आणि पत्रकात नेमून दिलेल्या वेळी, मग ती रात्रीच्या दोनची का असेना, ज्याने त्याने आपल्या शेतात जाऊन दारे धरावीत, ही जी व्यवस्था पूर्वापार चालत आली आहे, तिला 'शेजपाळी' असे मोठे गोड नाव आहे. या पाळीच्या जोडीला रांजणगाव गणपतीजवळची औद्योगिक वसाहत आणि दौंडकडची कुरकुंभची रासायनिक वसाहत यांनी दुसरी पाळी घरोघर आणून पोहोचविली. आणि पुष्कळ घरी तर या दोन्ही पाळ्या एकाच माणसाच्या अंगावर आल्या आहेत. रात्री यंत्रापासून सुटलेला गडी बसमधून उतरतो, चार घास खातो, आणि पंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची असली तर विजेरी घेऊन तसाच वाफ्यांकडे चालू लागतो.

या माणसाचा जीव एक की दोन, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आमच्या पूर्वजांनी तो प्रपंच आणि परमार्थ या जोडशब्दांत विचारला होता, आणि त्यांच्या लेखी धंदा व घर ही दोन्ही प्रपंचाचीच अंगे होती. कारण कुंभाराचे चाक त्याच्याच अंगणात फिरत असे, माळ्याचा मळा त्याच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर असे, आणि सोनाराची बागेसरी पेटलेली असताना त्याचे मूल शेजारीच रांगत असे. गोरोबा, सावतोबा आणि नरहरी या संतांनी देवाला शोधले ते याच अखंड जागेत. यंत्रयुगाने या प्रपंचाचीच दोन शकले केली. घर एका गावी राहिले, काम दुसऱ्या गावी गेले, आणि मध्ये नगर रस्त्यावरचा तासादीडतासाचा प्रवास किंवा दौंड-पुणे गाडीतली उभ्याने काढलेली वाट येऊन पडली. फाटकापाशी हजेरी देताना माणूस आपले घरचे नाव बाहेर ठेवतो आणि आत एक क्रमांक होऊन शिरतो, असे म्हटले जाते. मला हे म्हणणे अर्धेच खरे वाटते, आणि उरलेल्या अर्ध्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

अलीकडे या विषयावर बोलताना सर्रास तराजूची उपमा देतात. एका पारड्यात नोकरी, दुसऱ्यात संसार. तोल साधला पाहिजे, एवढाच काय तो उपदेश. उपमा सोयीची आहे, पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे, ते असे की एका पारड्यात जे पडेल ते दुसऱ्यातून उचललेलेच असले पाहिजे. वेळेच्या बाबतीत हे खरे आहे. दिवसाचे तास चोवीसच, आणि ते कोणत्याही देवाने कोणासाठी वाढविल्याचे ऐकिवात नाही. परंतु माणसाजवळ वेळेखेरीज आणखीही काही असते: सहनशक्ती असते, हाताचे कसब असते, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय असते, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव असते, आणि या गोष्टी धान्याप्रमाणे मापून कमी होत नाहीत, त्या पाण्याप्रमाणे झिरपतात. कालव्याला आवर्तन सुटले म्हणजे ज्या विहिरींना पाटाचे पाणी मुळीच मिळत नाही, त्यांचीही पातळी चार बोटे वर येते, हे शिरूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

या झिरपण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत धीट आख्यान महाभारताच्या वनपर्वात आहे. कौशिक नावाचा एक तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करीत असता वरून एका बगळीने त्याच्या अंगावर विष्ठा टाकली. त्याने क्रोधाने वर पाहिले आणि ती गतप्राण होऊन खाली पडली. पश्चात्ताप पावलेला तो ब्राह्मण भिक्षेसाठी एका दारी गेला. तेथील गृहिणी त्याला भिक्षा वाढणार, तोच तिचा पती क्षुधित होऊन घरी आला, आणि पतीची शुश्रूषा आटोपेपर्यंत तिने या अतिथीला तिष्ठत ठेविले. तो रागावला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की मी काही ती बगळी नव्हे. आणि धर्म जाणून घेण्याची इच्छा असेल, तर मिथिलेत एक व्याध राहतो, त्याला जाऊन विचार. ब्राह्मण मिथिलेला पोहोचला, तेव्हा तो धर्मव्याध भर बाजारात गिऱ्हाइकांच्या गर्दीत मांस विकीत बसलेला होता. व्याधाने त्याला घरी नेले, कर्म, हिंसा आणि आत्मा यांविषयी दीर्घ विवेचन केले, आणि अखेरीस आतल्या दालनात उत्तम आसनांवर बसविलेल्या आपल्या वृद्ध मातापित्यांकडे बोट दाखवून, माझे दैवत ते हे, असे सांगितले.

या कथेतून स्वधर्माची थोरवी काढण्याची चाल आहे, आणि ती गैरही नव्हे. पण मला तिच्यात निराळेच काही दिसते. व्याधाच्या ज्ञानाचे उगमस्थान ना केवळ दुकान आहे, ना केवळ घर. दुकानात तो खोटे बोलत नाही, कारण घरी ज्यांच्यापुढे बसावयाचे त्यांची त्याला लाज आहे. आणि घरी आईबापांची सेवा त्याला जड जात नाही, कारण दिवसभर गिऱ्हाइकाच्या मर्जीकडे पाहता पाहता दुसऱ्याची गरज न सांगता ओळखण्याची नजर त्याला आली आहे. एका जागी मुरलेली वृत्ती दुसऱ्या जागी उगवते. आणि कौशिकाला शेवटी मिळालेला आदेश तरी कोणता? वेदपठणासाठी आईबापांना न विचारता तू घर सोडलेस, ती दोघे शोकाने अंध झाली आहेत, तेव्हा आधी परत जा. ज्याने घरापासून स्वतःला तोडून घेतले होते, त्याच्या तपश्चर्येला बगळी मारण्यापुरतेच तेज आले होते. ते क्षमेपर्यंत पोहोचले नव्हते.

महाभारत दूरचे वाटत असेल, तर नोकरदारांच्या जवळचे असे एक आख्यान महाराष्ट्रापाशी आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे चाकरी यावनी राजसत्तेची आणि उपासना दत्ताची. परंपरा सांगते की दत्ताचा वार म्हणून गुरुवारी ते कामकाज बंद ठेवीत. नाथ तरुणपणी त्यांच्याच दफ्तरी हिशेब पाहत असत. एकदा जमाखर्चाचा मेळ एका पैने बसेना. नाथांनी दिवा लावून रात्रभर वह्या चाळल्या, आणि पहाटे ती पै सापडताच आनंदाने टाळी वाजविली. गुरू म्हणाले, एका पैची चूक उमगल्याचा हा आनंद, तर संसार नावाची जी चूक होऊन बसली आहे ती उमगली तर किती होईल! या कथेचे तात्पर्य सांगणारे पुढच्या अर्ध्यावर थांबतात. पण ज्याने आधीची पै रात्रभर जागून शोधली नसती, त्याला गुरूने हा प्रश्न विचारलाच नसता, हे ध्यानात घेतले पाहिजे. अवधान कारकुनीत शिकले गेले, आणि पुढे पैठणच्या वाड्यात बायकामुले, अतिथी, अन्नदान आणि ग्रंथरचना या सर्वांना ते पुरले.

या कथेच्या शेजारी दुसरी एक ठेवली नाही, तर आपण स्वतःची फसवणूक करू. जुन्या नगर जिल्ह्यातील ताहाराबादचे महिपती, ज्यांनी पुढे नाथांचे चरित्र ओवीबद्ध केले, ते मूळचे गावचे कुलकर्णी. एके दिवशी ते पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हणाले, तर तो ऐकेना. महिपती गेले, कचेरीचे काम उरकून परतले, आणि घरी येऊन त्यांनी लेखणी देवापुढे ठेविली. ती संतांच्या चरित्रावाचून अन्य कारणी चालवावयाची नाही, असा संकल्प करून त्यांनी चाकरी सोडली. 1762 मध्ये पूर्ण झालेला 'भक्तविजय' हा त्या संकल्पाचा प्रसाद. संसार मात्र त्यांनी सोडला नाही, हे लक्षात ठेवावे. दफ्तर तेच, लेखणी तीच. एका ठिकाणी चाकरीने साधकाला घडविले, दुसऱ्या ठिकाणी तिने त्याला हुसकून लावले. भेद कोठे पडला? देवगिरीवर गुरुवार पाळला जात होता, आणि ताहाराबादेत शिपाई देवघराच्या उंबरठ्यापर्यंत आला होता. त्या शिपायाच्या हाती आज चोपदाराची काठी नसते. तो खिशातल्या यंत्रात थरथरतो, आणि रात्रीच्या जेवणाच्या ताटावर येऊन उभा राहतो, एवढाच फरक.

येथे शेतकऱ्याची भाषा पुन्हा उपयोगी पडते. वाफ्यांना बांध नसेल, तर पाणी सखल जागी धावते, एका कोपऱ्यात पीक कुजते आणि दुसऱ्यात वाळते. बांध आहे पण त्याला दार नाही, तर पाणी एकाच वाफ्यात कोंडून राहते. दारे धरणे म्हणजे योग्य वेळी बांध फोडणे आणि योग्य वेळी मातीचा लपका टाकून तो पुन्हा बुजविणे. त्यात हात, डोळा आणि कान तिन्ही लागतात. नोकरी आणि घर यांना परस्परांचा लाभ होण्यास मला हीच अट दिसते: मध्ये बांध हवा, आणि बांधाला दार हवे.

दार असले म्हणजे काय घडते, ते मी रांजणगावच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका वस्तीवर पाहिले आहे. घरधनी एका कारखान्यात जुळणीच्या कामावर, दोन एकर बागायत, गोठ्यात तीन गाई. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती, आणि तिच्या एकेका चौकोनात तीन तऱ्हेचा मजकूर दाटीने बसला होता: छापलेली संकष्टी किंवा एकादशी, बॉलपेनाने लिहिलेले डेअरीला घातलेल्या दुधाचे लिटर, आणि कोपऱ्यात 'फ', 'से' किंवा 'थ', म्हणजे त्या दिवसाची पाळी. मी गोठा पाहावयास गेलो, तर भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर विळा, खुरपे, दावे, दुधाचे माप यांच्या आकृती पांढऱ्या रंगाने रेखलेल्या, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या आकृतीवर टांगलेली. "कंपनीत हत्यारांची फळी असते ना, तशी केलीय ह्यांनी," घरधनीण हसत म्हणाली. "आधी आम्ही चेष्टा करायचो, काका. पण आता अंधारात हात घातला तरी विळा सापडतो." घरधन्याने उलट बाजू सांगितली. त्याच्या विभागात यंत्राचे बेअरिंग जाऊ लागले की ते प्रथम त्याला कळते, आणि कारण काय, तर विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकत तो लहानाचा मोठा झाला. पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्या बाईचे दुसरे वाक्य. "थर्ड शिफ्ट असली की हे दिवसा झोपतात. तेव्हा पोरं कुजबुजत बोलायला शिकली. आता घरात कुणी आजारी असलं तरी आपोआप आवाज खाली येतात."

विद्वानांनी याला यथावकाश नाव दिले. 1985 मध्ये ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या अमेरिकन संशोधकांनी नोकरी व कुटुंब यांच्यातील संघर्षाची मीमांसा केली होती. पुढे 2006 मध्ये त्याच ग्रीनहाऊस यांनी पॉवेल यांच्या सहकार्याने, या दोहोंना एकमेकांचे मित्र मानणारा समृद्धीचा सिद्धांत मांडला. एका भूमिकेत मिळविलेले दुसरीत जाते ते दोन वाटांनी, असे त्यांचे प्रतिपादन: एक वाट कसब, दृष्टी, ओळखीपाळखी आणि पैसा यांची, व दुसरी प्रसन्नतेची. गोठ्यातली फळी ही पहिली वाट, आणि चांगले काम होऊन घरी आलेल्या बापाच्या चेहऱ्यावरचे जे मुलांना न सांगता कळते, ती दुसरी. ज्यांच्या जीवनात हे देणेघेणे चालू असते, ते कर्मचारी कामात अधिक समाधानी असतात, त्यांची कामावरची निष्ठा अधिक असते आणि त्यांची प्रकृतीही बरी राहते, असे नंतरच्या पाहण्यांतून दिसून आले. वीस वर्षे संघर्ष पाहिलेल्या दृष्टीला शेवटी मैत्रीही दिसली, हे मला त्या सिद्धांताइतकेच बोधप्रद वाटते.

परंतु दार उघडे ठेवा असे सांगणे सोपे. बांध घालावयाला मात्र माणसे झगडली आहेत. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही कारण पुढे केले. जेजुरीच्या देवाचा दिवस गिरणीच्या भोंग्यापुढे उभा करणारा हा सत्यशोधक 1890 च्या जूनमध्ये ती सुटी मिळवूनच थांबला. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, त्याच्या मुळाशी असा एक कुळाचार आहे. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर बांधून दिला, आणि ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. पाळी आणि पाळणा या शब्दांचे कुळ एकच की भिन्न, याचा निवाडा व्याकरणकारांनी करावा. कायद्याने मात्र त्यांना एका आवारात आणून बसविले.

दौंडला तर नोकरी आणि घर यांचे हे नाते लोहमार्गाइतके जुने आहे. 1878 मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. रात्री-अपरात्री दार ठोठावून चालकाला गाडीवर बोलाविणारा कॉलबॉय आणि परगावी मुक्काम पडला म्हणजे पाठ टेकावयाची रनिंग रूम, या दोन गोष्टी तेथील रेल्वेच्या घरांच्या आठवणींत पिढ्यानपिढ्या वसल्या आहेत. गाडीवरून उतरलेल्या चालकाला पुन्हा बोलाविण्यापूर्वी किती तास विश्रांती मिळाली पाहिजे, याचे रेल्वेत नियम असतात. कारण त्याच्या झोपेवर शेकडो उतारूंचे प्राण अवलंबून असतात. पडदे ओढलेल्या खोलीतली ती दुपारची झोप, ती मोडू नये म्हणून कुकरची शिटी होण्यापूर्वी शेगडी बंद करणारी गृहिणी आणि अंगणाऐवजी पलीकडच्या मैदानात चेंडू नेणारी मुले, ही सारी सिग्नल आणि रूळ यांच्याइतकीच रेल्वेच्या यंत्रणेची अंगे आहेत. त्यांचा पगार मात्र कोणत्याही पत्रकात निघत नाही.

आणि येथेच या गोड सिद्धांताची परीक्षा आहे. कंत्राटावर आज या फाटकात आणि उद्या त्या फाटकात उभा राहणारा तरुण, ज्याला पुढच्या महिन्याची शाश्वती नाही, त्याच्या कामातून घरी झिरपते ती चिंता, ओल नव्हे. पाझरणे हा पाण्याचा गुण आहे, आणि विषालाही तोच गुण आहे. अशा माणसाला घरून बळ आणावे असे सांगणे म्हणजे मालकाने भरावयाची तूट कुटुंबाच्या खाती घालणे होय. त्याहून सूक्ष्म अन्याय घराच्या आत घडतो. सकाळच्या पाळीची बस फाट्यावर येण्यापूर्वी डबा तयार पाहिजे म्हणून साडेचारला उठणारी जी बाई, तिच्या कष्टांनीच 'घर कामाला समृद्ध करते' हे वाक्य खरे ठरते; ती स्वतः नोकरीला जात असेल, तर तिच्या एका दिवसात दोन पाळ्या भरतात आणि सुटी कोणत्याच पाळीची होत नाही. धर्मव्याधाच्या आख्यानात कौशिकाला पहिला धडा कोणी दिला, हे आठवून पाहावे. त्या ब्राह्मणाचे नाव ग्रंथात आहे, व्याध धर्मव्याध म्हणून अजरामर झाला, मिथिला नगरीचे वर्णन आहे. पण बगळीची गोष्ट न सांगता ओळखणाऱ्या आणि ज्ञानाचा पत्ता सांगणाऱ्या त्या गृहिणीला व्यासांच्या कथेत नाव नाही.

शेजपाळीचा एक शिरस्ता असा आहे की पाणी चारीच्या शेवटच्या शेतापासून द्यावयास आरंभ करावा आणि मग वर वर सरकत यावे. कारण मुखाजवळच्याला पाणी केव्हाही मिळते, तुटते ते शेवटच्याला. हा शिरस्ता व्यवहारात कितपत पाळला जातो, याविषयी शेवटच्या शेतकऱ्याला विचारावे, मुखाजवळच्याला विचारू नये. नोकरी आणि घर यांनी एकमेकांना समृद्ध केले की नाही, याचीही मोजणी अशीच शेवटून केली पाहिजे. पगाराचे पत्रक, बढतीचा हुकूम, कामाचे समाधान ही सारी मुखाजवळची शेते आहेत. त्या वस्तीवरून मी निघालो, तेव्हा घरधनी रात्रपाळीसाठी झोपला होता, मुले कुजबुजत होती, आणि घरधनीण दिनदर्शिकेपाशी उभी राहून सकाळच्या दुधाचे लिटर लिहीत होती. संकष्टी, दूध आणि पाळी यांनी तो चौकोन भरून गेला होता; तिच्या स्वतःच्या विश्रांतीची नोंद करावयाची असती, तर तिला त्यात जागा सापडली नसती.